चटईभर अंतर

"एकावर भागवू नकोस, अक्का. दोन्ही डोळे करून घे. तुम्ही बायका एकावर भागवता."

आउकुसोनं हे सांगितलं तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता आणि मासिनाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसता आवाज. तोही जवळून नाही, मधे एक चटई रिकामी सोडून. भाऊ-बहीण मोठे झाले की एका चटईवर बसत नाहीत. भाऊ मरणाच्या दारात असला तरी नाही. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं सावाई बेटावर म्हणतात, आणि बाहुलीला कुणी बोट लावत नसतं.

"घेईन," ती म्हणाली होती.

"शब्द?"

"शब्द."

त्यानंतर तो बोलला ते देवाशीच. घरासमोरच्या त्याच्या कबरीवरची फरशी चुन्यानं पुन्हा पुन्हा पांढरी झाली, आणि मासिनाचा शब्द तसाच राहिला.

खरं तर दोघांचेही डोळे एकाच सुमाराला मोतीबिंदूनं गढूळ व्हायला लागले होते. राजधानीतून, आपियाहून, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा बोटीनं आल्या तेव्हा त्यांच्या वाडीला शस्त्रक्रियेची एकच पाळी मिळाली. मासिना थोरली, बहीण, मान तिचा. आउकुसोनं तिलाच पुढे केलं. पण ती म्हणाली, "तू घराण्याचा प्रमुख. सभेत समोर कोण बोलतंय ते तुला दिसायला नको? माझं काय, मला केवडा बोटांनी दिसतो." ते खोटंही नव्हतं. केवड्याची पात नखानं चिरून दोऱ्यासारखी बारीक करायची आणि वर्षभर विणून रेशमासारखी मऊ चटई करायची, हे काम ती डोळे मिटून करायची.

आउकुसो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तो माडाच्या शेंड्यावरचे नारळ मोजत. पुढच्या खेपेला त्यानं दुसराही डोळा करून घेतला आणि बहिणीमागे लागला. पण त्या खेपेला भाचीचं बाळंतपण होतं. त्याच्या पुढच्या खेपेला कुणाच्या तरी मयताला द्यायची चटई अर्धी राहिली होती. मग आउकुसोचंच आजारपण, मग त्याचं जाणं, मग सुतक. बाईच्या डोळ्यांसाठी रिकामा दिवस कधी येतच नाही.

शेवटी भट्टीच्या तापल्या दगडावर हात पडला आणि तळवा भाजला. तेव्हा भाचीनं, आउकुसोच्या तेलेसियानं, आत्याची गाठोडी बांधली आणि तिला बसमधे घातलं.

इस्पितळात समोरच्या खाटेवर सेमिसी म्हणून एक बस चालवणारा होता. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा. सकाळी त्याची पट्टी सुटली आणि तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली बिस्किटांची जाहिरात मोठमोठ्यानं वाचायला लागला.

"आजी, इकडे बघा! मी किती देखणा आहे ते बघून घ्या!"

"आधी माझी पट्टी तर सुटू दे," मासिना म्हणाली. "मग सांगते, देखणा की बोलघेवडा."

तिची पट्टी सुटली. उजव्या डोळ्यात उजेड शिरला, दुधासारखा. मग त्या दुधात खांब उभे राहिले. मालिया नर्सनं बोटं समोर धरली ती तिला मोजता आली. दिनदर्शिका मात्र नुसता रंगीत डाग होती. सेमिसी कुठे आहे तेही तिला आवाजावरूनच कळत होतं.

"याचं पाण्यासारखं स्वच्छ, आणि माझं तांदळाच्या धुवणासारखं?" ती हळूच म्हणाली. "माझी प्रार्थना कमी पडली का गं?"

"प्रार्थनेचं काही नाही, आजी." मालिया औषधाचे थेंब घालत होती. "पुरुष येतात ते गाडी चालवता येईना, मासा गळाला लागेना म्हणून. लगेच येतात. बायका येतात हात भाजल्यावर. तोवर मोतीबिंदूचा दगड झालेला असतो, आणि वयही. दगड फोडला की डोळा सुजतो, निवायला वेळ लागतो. निवेल. पण याच्याएवढं होईल असं मी म्हणणार नाही."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही तेच सांगितलं, जरा नरम करून. "वय आपल्या हातात नाही, आजी. उशीर मात्र..."

"तोही माझ्या हातात नव्हता, बाई," मासिना म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा हातात घेतला. मग डाव्या डोळ्यात दिवा धरून बराच वेळ बघत राहिल्या. "हा त्याहून जुना आहे. याला उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. तीन महिन्यांनी मी परत येते. तेव्हा चुकवू नका. त्यानंतर मला हात लावता येईल की नाही, देव जाणे."

मासिनानं मान हलवली. शब्द दिलेला होताच.

घरी आली त्या संध्याकाळी शंख वाजला. प्रार्थनेचा शंख वाजला की वाडीत कुणी चालत नाही, हसत नाही, चूलही फुंकत नाही. जो तो आपल्या घरात बसतो. मासिनाच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. बसल्या जागेवरून समोरची कबर, तिच्यापलीकडचा चाफा आणि रस्ता असं सगळं सरळ पुढ्यात. ती जपमाळ घेऊन नेहमीच्या जागी बसली. उजव्या डोळ्यावर पुन्हा बांधलेली पट्टी होती, डाव्यात नेहमीचं धुकं.

त्या धुक्यात कबरीच्या कडेला कुणीतरी बसलं होतं.

तिनं मणी ओढणं थांबवलं. शंखानंतर बाहेर कोण? रुंद पाठ होती, एक गुडघा वर घेतलेला, हात मानेमागे. तिच्याकडे पाठ होती. धुकं हललं नाही आणि तोही हलला नाही. बायका "आमेन" म्हणाल्या, घरोघरचे दिवे लागले, आणि तिथे कुणी नव्हतं.

जेवताना नीरफणसाचा तुकडा हातात घेऊन तिनं सहज विचारलं, "मघाशी कबरीवर कोण बसलं होतं गं?"

"कुणी नाही, आत्या. शंख झाल्यावर कोण बसेल?"

"मानेमागे हात घेऊन बसला होता."

तेलेसियाचा हात ताटात थांबला. वाडीत मानेमागे हात घेऊन एकच माणूस बसायचा.

लोसा, आउकुसोची बायको, पलीकडे केळीच्या पानावर माशाचे काटे काढत होती. "हं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं त्याच्या लुंग्या मी धुतल्या. त्याची अळकुडी मी उकडली. आणि मेल्यावर येऊन बसतो तो बहिणीसमोर! मेल्यावर तरी माणसानं बायकोकडे यावं."

"आई!"

"आई काय? मला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय, तरी मला नाही दिसला. जिला दिसत नाही तिला दिसला. जन्मभर असाच होता तो."

मासिनाला हसू आलं. पण रात्री अंगावर चादर घेतली तरी पाठ गार होती.

पट्टी कायमची सुटल्यावर तिनं पारखून पाहिलं. शंखानंतर उजव्या डोळ्यानं बघितलं तर पांढरी फरशी आणि तिच्यावर पडलेली चाफ्याची फुलं, इतकंच. उजवा मिटला, डावा उघडा ठेवला, तर तो. उजवा उघडला की फरशी. मिटला की पाठ.

तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवसभर उजव्या डोळ्यानं ती केवडा चिरायची, कोंबड्या हाकायची, प्रार्थनापुस्तकातली ठळक अक्षरं लावायची. तिचा डोळा खरंच निवळत होता, हळूहळू, उन्हात ठेवलेल्या तेलासारखा. आणि संध्याकाळी शंख झाला की ती उजवा डोळा मिटून घ्यायची. भीती वाटायची नाही. भाऊ घरासमोर बसलाय, प्रार्थना ऐकतोय. इतकी वर्षं तिनं त्याचा नुसता आवाज ऐकला होता, आता नुसती पाठ. देवानं आधी एक दिलं, मग दुसरं, असं तिला वाटायचं.

मालिया गावोगाव डोळे तपासत फिरायची. ती वाडीत आली तेव्हा मासिनानं तिला चाफ्याखाली नेलं आणि सगळं सांगितलं.

मालियाला आश्चर्य वाटलं नाही. "होतं असं. ज्या डोळ्याला दिसायचं बंद होतं, त्याचं मन आपल्या आपण चित्रं काढतं. उपाशी माणसाला स्वप्नात जेवण दिसतं ना, तसं. म्हाताऱ्या, एकट्या बायकांना जास्त. बिचाऱ्या सांगत नाहीत, वेड लागलं म्हणतील म्हणून. दुसरा डोळा झाला की उजेड आत जाईल आणि बहुतेक ते थांबेल."

"थांबेल म्हणजे? तो दिसणार नाही?"

"नाही दिसणार."

मासिनानं मालियाला कोको पाजला, दोन अळकुड्या बांधून दिल्या आणि रस्त्यापर्यंत पोहोचवलं. परत येताना ती कबरीपाशी थांबली. फरशीवर हात ठेवला. ऊन पिऊन फरशी गरम झाली होती.

डॉक्टरीणबाई यायचे दिवस जवळ आले. तेलेसियानं आत्याची गाठोडी पुन्हा काढली.

"राहू दे ती," मासिना म्हणाली.

"का?"

"मला पुरतं एवढं. केवडा दिसतो, पुस्तक दिसतं. साठ-सत्तरीच्या पुढच्या बाईला दोन-दोन डोळे कशाला? ती पाळी कुणा तरण्याला मिळू दे."

"आत्या, बाबांना काय सांगितलं होतंस तू?"

"एक पुरे," मासिना म्हणाली. ती एरवी आवाज चढवत नसे. आज चढला. "सांगितलं ना, एक पुरे!"

शब्द घराच्या खांबांमधून बाहेर गेले. समोर चाफा होता, कबर होती, वारा नव्हता.

त्या संध्याकाळी शंख झाला. तिनं उजवा डोळा मिटला. कबर रिकामी होती. तो घराच्या पायरीवर बसला होता.

तिचं मन आधी हरखलं. जवळ आला. तसाच, पाठ करून, गुडघा वर, हात मानेमागे. ती मणी ओढत राहिली. पण "आमेन" झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण एकही मणी मोजलेला नाही. असं आजवर झालं नव्हतं. लग्नाच्या दिवशी नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी तो पायरीवर नव्हता. आत, खांबाला टेकून बसला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या चटईवर.

मधली चटई. जी जन्मभर रिकामी राहिली. लहानपणी एकत्र मासे धरले, एका नीरफणसातलं खाल्लं, पण तो मोठा झाला त्या दिवसापासून आउकुसोनं ती चटई कधी ओलांडली नव्हती. ताप असताना नाही, मरतानासुद्धा नाही.  तिनं उजवा डोळा उघडला. चटई रिकामी होती, स्वच्छ झाडलेली. पलीकडे लोसा डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती, तेलेसिया मान खाली घालून बसली होती.

जेवताना मासिनानं ताट तसंच पुढ्यात राहू दिलं.

"काय झालं?" लोसानं विचारलं.

"लोसा, आउकुसो कधी माझ्या चटईवर बसला असता का?"

"वेडी आहेस काय? त्यानं आधी पाय कापून घेतले असते." मग लोसानं तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या तोंडावरची थट्टा उतरली. "कुठवर आलाय?"

मासिनानं मधल्या चटईकडे बोट दाखवलं.

लोसानं हातातला घास ताटात ठेवला. उठली, ती चटई उचलली, गुंडाळली आणि बाहेर नेऊन वाळवणाच्या दांडीवर टाकली. परत येऊन हात धुतले. "आमच्या आजीचं बोलणं ऐकलंयस तू," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जी वस्तू भटकत असते ना, तिला स्वतःचं तोंड नसतं. ज्याची आठवण येते त्याची पाठ ती घेऊन येते. आणि बोलावल्याशिवाय उंबरा चढत नाही. तू काही बोललीस का?"

"मी कुणाला बोलावलं नाही."

"मग काय म्हणालीस?"

मासिनानं माळ मुठीत धरली. "एक पुरे" म्हणाली होती, ते सगळ्या घरानं ऐकलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी ती शंखाआधीच बसली. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि माळेवरून नजर काढायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. मधली जागा उघडी होती, नुसती जमिनीवरची खडी. शंख वाजला. तिनं पहिला मणी धरला. आणि शेजारी केवड्याची पात दबल्यासारखी करकरली.

तिची स्वतःची चटई. तिनं विणलेली, कुठली वीण कुठे आहे हे तिला हातापेक्षा जास्त ठाऊक. डाव्या बाजूची कड खाली गेली होती, माणूस बसल्यावर जाते तशी.

उजवा डोळा मिटायचा नव्हता. पण तो तिनं मिटला. कुणी मिटला हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

तो हातभर अंतरावर होता. पाठ एवढी रुंद की धुक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. त्याला वास नव्हता, श्वास नव्हता. मानेमागचा हात हळूच खाली आला. आणि ती मान वळू लागली. तिच्याकडे, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी. गालाची कड आली. त्या गालाला काहीच नव्हतं, ना दाढीचे खुंट, ना कान.

"माझ्या भावाचं नाव आउकुसो," मासिना म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की शेजारच्या लोसालाही ऐकू गेला नाही. "तो माझ्या चटईवर बसत नाही. आणि मी त्याला शब्द दिलाय."

तिनं उजवा डोळा उघडला.

कुणी नव्हतं. चटईची दबलेली कड मात्र एकेक पात सोडत वर आली.

तेव्हापासून "आमेन" होईपर्यंत तिनं एकही मणी चुकवला नाही. तो कबरीवर बसायचा तो आउकुसो होता की नव्हता, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. असेलही, त्याच्या जागी, मान राखून. किंवा मालिया म्हणते तसं उपाशी मनाचं जेवण. पण जे चटईवर आलं होतं त्याला तिनंच वाट दिली होती. डोळ्यात धुकं ठेवायचं तिनं ठरवलं होतं, आणि धुक्याला राखण नसते.

पहाटे, पहिली बस यायच्या आधी, ती उठली. गाठोडी तेलेसियाच्या उशाशी होती; ती न वाजवता उचलली. भाचीला उठवायचं नव्हतं. उठली असती तर रडली असती, मग बरोबर आली असती, मग पोरांचं कोण बघणार. चुलीपाशी जाळ दिसला. लोसा कोको ढवळत होती, जणू रोजच एवढ्या लवकर ढवळते.

"पी," लोसा म्हणाली.

मासिनानं उभ्यानंच दोन घोट घेतले.

"मालिया म्हणत होती, दुसरा डोळा झाला की तो दिसायचा नाही," लोसा जाळाकडे बघत म्हणाली.

"नाही दिसायचा."

"बरं होईल. माझ्यासारखं होईल तुझं. आपण दोघी सारख्या." तिनं अंगावरच्या कापडाच्या टोकानं डोळे पुसले. धूर होता. "वाटेत भेटला तर सांग, कबरीला चुना लावायचा राहिलाय, तेलेसियाच्या नवऱ्याला स्वप्नात जाऊन आठवण कर म्हणावं. मी सांगितलेलं तो ऐकत नाही."

"सांगते."

"आणि छत्री ने."

मासिना छत्री घेऊन बाहेर पडली. मधली चटई अजून दांडीवर होती, दवानं भिजलेली. कबरीपाशी ती क्षणभर थांबली, फरशीवर हात ठेवला. फरशी गार होती. मग ती रस्त्याला लागली. उजव्या डोळ्याला सगळं दिसत होतं: खडी, वाळत घातलेली जाळी, पलीकडे समुद्राची करडी कड. दूरच्या वळणावर बसचा दिवा लुकलुकला.

तिनं एकदाच उजवा डोळा मिटला.

धुक्यात, तिच्यापुढे, रस्त्यावर एक रुंद पाठ चालली होती. हात मानेमागे. तिच्या आणि त्या पाठीच्या मधे एका चटईचं अंतर होतं, ना कमी ना जास्त. ती थांबली तसा तोही थांबला, आणि त्यानं मागे वळून बघितलं नाही.

"येते रे," मासिना म्हणाली. तिनं उजवा डोळा उघडला, माळ मनगटाला गुंडाळली आणि ते अंतर राखून, रिकाम्या रस्त्यानं, बसच्या दिशेनं चालू लागली.